हिराजी सावे यांचं विमान

रामनाथराव सावे यांनी साठीत पाऊल टाकलं ते एका लढाऊ विमानासकट. विमान वीतभरच होतं, पण त्यामुळे त्यांच्या रुबाबात काही उणं राहिलं नाही.

उभी हयात मुंबईतल्या एका विमा कचेरीत लोकांचे दावे फेटाळण्यात घालवून ते डहाणूला परतले होते, सरावलीच्या रस्त्याला असलेल्या वडिलांच्या चिकूच्या वाडीत. चिकूतलं त्यांना फारसं कळत नसे. झाडं, मजूर, व्यापारी, टेम्पो हे सगळं त्यांच्या पत्नी विनिताबाई सांभाळत आणि रामनाथराव झोपाळ्यावर बसून मोबाईलवर महायुद्ध बघत. दुसरं. पहिल्यातली विमानं फार कच्ची होती, असं त्यांचं मत होतं. बघता बघता त्यांना शोध लागला, की जगात अशीही मोठमोठी माणसं आहेत जी या विमानांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती जमवतात, काचेच्या कपाटात मांडतात आणि एकमेकांना फोटो पाठवून जळवतात. हा छंद आपल्यासाठीच जन्माला आलाय याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

त्यातून विलायतेहून 'हरिकेन' नावाचं लढाऊ विमान आलं. एकास अठ्ठेचाळीस मापाचं, अस्सल धातूचं, मोजकेच नग काढलेलं. पुढचा पंखा फुंकरीनं फिरायचा. काच मागे सरकवली की आत मुगाएवढ्या डोक्याचा वैमानिक दिसायचा. दिवाणखान्यातल्या शोकेसमधून विनिताबाईंच्या माहेरची चिनी मातीची बरणी हद्दपार झाली आणि तिथं हरिकेन आलं, वर एक छोटा दिवाही आला. रोज सकाळी पांढरे हातमोजे घालून रामनाथराव रंगाच्या ब्रशनं त्याची धूळ झटकू लागले.

"खेळणं आणलंत ते आणलंत," विनिताबाई म्हणाल्या, "पण निदान हातमोजे तरी नका घालू. दारात उभ्या माणसाला वाटतं आत ऑपरेशन चाललंय."

"खेळणं नाही गं. कलेक्टिबल म्हणतात याला."

"बरं. तुमचं कलेक्टिबल जरा सरकवा, मला मागचं तबक काढायचंय."

घरच्या या उपेक्षेची रामनाथरावांना सवय होती. बाहेरच्या कुणी मात्र हसू नये असं त्यांना फार वाटे. आणि बाहेरचा नेमका मनिष आला.

मनिषचं तलासरीला हायवेवर हॉटेल होतं आणि एका पक्षात तो कसला तरी उपाध्यक्ष होता. कसला, ते पक्ष बदलला की बदलायचं. निवडणूक जवळ आल्यामुळे तो सध्या घरोघरी जाऊन लोकांच्या तब्येतीची चौकशी करत होता. सोबत दोन कार्यकर्ते होते. चहा येईपर्यंत त्याची नजर शोकेसवर गेली, आणि रामनाथराव "अहो, हातमोजे..." म्हणेपर्यंत हरिकेन त्याच्या हातात होतं.

"अरे वा, रामनाथभाई! नातवासाठी आणलं काय?"

"नाही."

"मग तुम्ही खेळता?" असं म्हणून त्यानं तोंडानं घर्र आवाज काढत विमान कार्यकर्त्याच्या डोक्यावरून फिरवलं. कार्यकर्ते खदखदून हसले. स्वयंपाकघराच्या दारात विनिताबाईही हसल्या, आणि ते रामनाथरावांना फार लागलं. साठीच्या माणसाकडे खेळणं का असावं, याचं भारदस्त उत्तर त्यांना त्या क्षणी हवं होतं.

"ते आमच्या आजोबांचं आहे," ते म्हणाले.

"आजोबा खेळायचे?"

"चालवायचे. खरं विमान. हेच. हरिकेन. महायुद्धात, ब्रह्मदेशात."

मनिषचा हात हवेतच थबकला. त्याची मूठ आवळली आणि विमानाचं एक चाक कट्कन तुटून त्याच्या तळव्यावर पडलं. त्यानं ते घाईनं खिशात टाकलं, विमान जागेवर ठेवलं, आणि मग, हे विशेष, त्याला वाकून नमस्कार केला. कार्यकर्त्यांनीही केला.

"आपल्या डहाणूचा माणूस? फायटर पायलट? आणि आम्हांला ठाऊकच नाय?" मनिषचे डोळे भरून आले होते. त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे एक स्वातंत्र्यसैनिक होता; तो गेली कित्येक वर्षं त्याच्या जोरावर मतं मागत होता. मनिषकडे आजवर नुसतं हॉटेल होतं.

पाहुणे गेल्यावर विनिताबाई कपबशा उचलत म्हणाल्या, "अहो, तुमच्या आजोबांना बैलगाडीत उलटी व्हायची. सासूबाईच सांगायच्या."

"एवढ्यातेवढ्यानं काय होतंय? मनिष उद्या विसरेल."

मनिष विसरला नाही. दुसऱ्या दिवशी तालुकाभर मोबाईलवर हरिकेनचा फोटो फिरू लागला, खाली 'डहाणूचा वाघ, आकाशाचा राजा'. आठवड्याभरात मनिषनं आजोबांचा, म्हणजे हिराजी सावे यांचा, घरातला एकुलता एक फोटो नेला. त्यात ते रुमाल बांधून, अंगावर घोंगडी घेऊन बसलेले होते. फोटो परत आला तेव्हा डोक्यावर चामड्याची टोपी होती, कपाळावर गॉगल होता आणि घोंगडीचं जाकीट झालं होतं. चेहऱ्यावरचे भेदरलेले भाव तेवढे स्टुडिओवाल्याला काढता आले नव्हते.

रामनाथरावांना आधी धाकधूक वाटली. मग रस्त्यानं जाताना लोक थांबून हात जोडू लागले. कोसबाडच्या बाजूला एका शाळेनं त्यांना व्याख्यानाला बोलावलं. "फार काही सांगण्यासारखं नाही," एवढंच बोलायचं ठरवून ते उभे राहिले. पण समोर मुलं अशी टक लावून बसलेली की त्यांच्या तोंडून आपोआप ढग, गोळ्या, पेटलेलं इंजिन आणि इरावती नदी बाहेर पडू लागली. मोबाईलवर पाहिलेलं महायुद्ध असं उपयोगी पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आजोबांनी चार विमानं पाडली. टाळ्या पडल्यावर आणखी एक पाडलं. उभ्या आयुष्यात त्यांच्या बोलण्यावर कुणी टाळी वाजवली नव्हती; ज्यांचे दावे फेटाळले त्यांनी तर नाहीच. घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा लग्न ठरलेल्या माणसासारखा दिसत होता.

ते त्याच भरात असताना मनिष स्मारकाचं बोलला. वीर वैमानिक हिराजी सावे स्मृती समिती स्थापन झाली होती आणि तलासरीला हायवेच्या कडेला खरोखरीच्या आकाराचं विमान उभं राहणार होतं.

"तलासरीला कशाला?" रामनाथरावांनी विचारलं. "आम्ही डहाणूचे."

"हायवे तिथं आहे ना! गुजरातकडून येणारी माणसं गाडी थांबवतील, फोटो काढतील, नमस्कार करतील." समोरच आपलं हॉटेल आहे हे मनिषनं सांगितलं नाही, ते सगळ्यांना माहीत होतं.

"मनिषभाई, पण कुणी विचारलं तर? पुरावे वगैरे, आमच्याकडे कागद एकही नाही."

"कागद कशाला लागतोय, रामनाथभाई? भावना आहे ना!"

जागा बघायला ते मनिषच्या गाडीतून गेले. त्या जागेवर आदिवासी बायका भाजी, रानमेवा घेऊन बसत. समितीची पोरं त्यांना उठवत होती. बायका आरडाओरडा न करता पाट्या उचलून डोक्यावर घेत होत्या, तेच जास्त वाईट दिसत होतं. त्यात शुक्री होती. चिकूच्या तोडीला ती कितीतरी मोसम वाडीवर येऊन गेली होती. तिनं हाक मारली, "शेट, आम्हांला कुठं बसवतात? तुम्ही सांगा ना." रामनाथरावांनी खिशातून मोबाईल काढला आणि कुणाचाही फोन आलेला नसताना कानाला लावला.

मग मनिषनं नमुन्यासाठी हरिकेन मागितलं. रिसॉर्टवाल्यांना फायबरचे डायनासोर आणि वॉटरपार्कवाल्यांना अजगर करून देणाऱ्या एका कारागिराला काम दिलं होतं. त्याला नग समोर लागत होता. रामनाथरावांनी खूप आढेवेढे घेतले. फोटो देतो म्हणाले, मापं लिहून देतो म्हणाले. "आजोबांसाठी एवढं नाही करणार?" मनिषनं विचारलं. आपल्या आजोबांवर तोवर रामनाथरावांचाच ताबा उरला नव्हता. त्यांनी हरिकेन मऊ फडक्यात गुंडाळून दिलं आणि हातमोजेही दिले.

विमान परत आलं ते मिठाईच्या दुकानाच्या पिशवीतून, तीन तुकड्यांत. पंखा वेगळा, शेपटी वेगळी. मुगाएवढ्या डोक्याचा वैमानिक पिशवीत नव्हताच. हातमोजे मात्र धुऊन, घडी घालून पाठवले होते. रामनाथराव ती पिशवी मांडीवर घेऊन बराच वेळ झोपाळ्यावर बसून राहिले. पाय टेकलेले, झोपाळा हलत नव्हता. या सगळ्या भानगडीत खरी म्हणावी अशी एकच गोष्ट होती; ते विमान त्यांना मनापासून आवडत होतं.

संध्याकाळी विनिताबाई फेविक्विक आणून समोर ठेवून गेल्या.

मोठं विमान मात्र झोकात उभं राहिलं. कारागिराचा हात डायनासोरवर बसलेला असल्यामुळे ते पोटाकडे फार सुटलं होतं आणि लांबून पापलेटासारखं दिसायचं. आतला वैमानिक कमळासारख्या डोळ्यांचा आणि पिळदार मिशांचा झाला होता. आणि विमानाला चाक एकच होतं.

"दुसरं चाक?" रामनाथरावांनी विचारलं.

"नगाला एकच होतं," कारागीर म्हणाला. "आपण मनाचं काय करत नाय, शेट."

दुसऱ्या चाकाच्या जागी सिमेंटचा खांब लावून तो निळा रंगवला. तो ढग आहे, असं मनिषनं जाहीर केलं.

अनावरणाला मंत्रिमहोदय यायचे होते. मंत्री येणार म्हणजे घरचं कुणी व्यासपीठावर हवं, आणि हिराजींची मुलगी अजून हयात आहे हे मनिषला कळलं. हिरकणीआत्या किनाऱ्यावरच्या गावात राहायची. नव्वदीला टेकलेली, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. रामनाथराव घाबरून तिच्याकडे गेले आणि तिच्या खाटेजवळ बसून सगळं सांगितलं.

आत्या फार हसली. हसता हसता तिला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

"माझा बापूस? विमानात?"

"आत्या, तू येऊच नकोस. तब्येत बरी नाही म्हणून सांगतो मी."

"का म्हणून? गाडी पाठवणार आहेत ना? थंड हवेची?"

"हो, पण बोलायचं काही नाही हां. नुसतं बसायचं. हात जोडायचे."

"बसेन की. मी काय बोलणार, रामा? मला काय बोलता येतं?"

ज्या माणसाला आत्याचा साठ वर्षांचा अनुभव होता, त्यानं यावर विश्वास ठेवायला नको होता.

कार्यक्रमाला मंडप भरला. शाळांची मुलं आणली होती, बँड होता, मंत्री नेहमीएवढे उशिरा आले. दोरी ओढली, पडदा पापलेटाच्या शेपटीत अडकला, एका पोरानं वर चढून सोडवला. भाषणं झाली. प्रत्येक भाषणात हिराजींनी पाडलेल्या विमानांची संख्या वाढत गेली. आणि मग मंत्र्यांनाच वाटलं, की वीरकन्येचे दोन शब्द ऐकावेत. मनिषनं माईक आत्याच्या हातात दिला. रामनाथरावांनी तिच्या पदराला हलकेच हिसका दिला. आत्यानं पदर सोडवून घेतला.

"माझा बापूस गवताचा धंदा करायचा," आत्या म्हणाली. आवाज खणखणीत होता. "आमच्याकडचं गवत मुंबईला जायचं, घोड्यांना. लढाई चालू होती, मी लहान होते. एक दिवस दर्यावरून विमान आलं, असं सुरूच्या शेंड्यांना घासून गेलं. बापूस अंगणात होता. तो जो पळाला तो गवताच्या गंजीत घुसला. आई हाका मारून दमली. आम्ही विहिरीत बघितलं, वाडीत बघितलं. दुसऱ्या दिवशी बैल गवत खायला गेला, त्यानं दोन तोंडं गवत ओढलं, तेव्हा बापसाचे पाय दिसले."

रामनाथराव खाली मान घालून बसले होते. आता लोक हसतील, मग ओरडतील, मग कदाचित खुर्च्या फेकतील. पण त्या भीतीच्या तळाशी त्यांना एकदम मोकळं वाटलं. संपलं एकदाचं. उद्यापासून आजोबा गवत विकतील आणि आपण तोंड लपवून का होईना, घरी बसू.

तेवढ्यात मनिषनं माईक ओढून घेतला.

"ऐकलंत?" तो गरजला. "ऐकलंत, मित्रांनो? शत्रूचं विमान डोक्यावर, आणि आपला हिराजी गवताच्या गंजीत दबा धरून बसला! एक रात्र, एक दिवस! ना अन्न, ना पाणी! याला म्हणतात गनिमी कावा!"

मंडप टाळ्यांनी दणाणला. मुलांनी घोषणा दिल्या. मंत्रिमहोदयांनी उठून आत्याचे पाय धरले आणि आपल्या भाषणात सांगितलं, की आकाशात लढणारे पुष्कळ असतात, पण आकाशातल्या शत्रूवर जमिनीवरून नजर ठेवणारा वैमानिक आपण प्रथमच ऐकतो आहोत. त्यांनी बैलाचाही गौरवानं उल्लेख केला.

रामनाथरावांच्या गळ्यात हार पडला तेव्हा तो त्यांना ओल्या गोणपाटासारखा जड लागला.

परतीच्या गाडीत आत्या खूश होती. थंड हवा चेहऱ्यावर घेत, वाटेतलं आशागड मागे जाईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

"चांगली बोलले ना रे मी?"

"आत्या, कशाला सांगितलंस ते?"

"मग काय सांगू? दुसरी कुठली गोष्ट नाहीच त्याची. भित्रा होता रे माझा बापूस. वादळ आलं की आम्हांला सगळ्यांना पोटाशी घेऊन बसायचा. मला वाटायचं, आमच्यासाठी. मोठी झाल्यावर कळलं, त्यालाच भीती वाटायची. पण बसायचा तर पोटाशी घेऊनच ना? त्या विमानातल्या बाहुल्यासारखं नव्हतं त्याचं तोंड. आज मला वाटलं होतं, कुणीतरी त्याचं नाव काढेल. एकानंही काढलं नाही."

"सगळ्यांनी काढलं की."

"तो कुणी दुसराच होता," आत्या म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

मनिष निवडून आला. रामनाथरावांनी व्याख्यानं बंद केली. पित्ताचा त्रास सांगू लागले. जोडलेलं हरिकेन त्यांनी कपाटात वरच्या फळीवर ठेवलं आणि बरणी आपल्या हातानं शोकेसमध्ये आणून ठेवली. विनिताबाईंनी ती थोडी डावीकडे सरकवली, एवढंच.

वैशाखात एकदा खताच्या कामानं त्यांना तलासरीला जावं लागलं. स्मारक टाळून जायचं त्यांनी ठरवलं होतं, पण वाट तिथूनच होती. उठवलेल्या बायका परत आलेल्या होत्या. त्यांना पुन्हा उठवायला कुणी आलं नव्हतं, कारण निवडणूक होऊन गेली होती. विमानाच्या दोन्ही पंखांना निळं प्लास्टिक बांधून त्यांनी सावली केली होती आणि खाली करवंदं, ताडगोळे, सुकट मांडली होती. एकुलत्या एका चाकाला कुणाची तरी शेळी बांधलेली होती. वैमानिकाची अर्धी मिशी उन्हानं गळून पडली होती.

सावली सगळ्यांना पुरत नव्हती. शुक्रीच्या शेजारी बसलेली जिवली अर्धी उन्हात होती आणि तापलेल्या लादीवर आळीपाळीनं एकेक पाय उचलत होती. सगळ्याच अनवाणी होत्या. चपला लांब, रस्त्याच्या कडेला रांगेनं काढून ठेवलेल्या.

"शुक्री, चपला का काढल्यात तिकडे?" रामनाथरावांनी विचारलं.

"मग कशा घालू, शेट?" शुक्री म्हणाली. "माणूस मेल्याची जागा ना ही. तुमचा आजा इथंच पडला ना, विमानातून? पोरांनी सांगितलं आम्हांला. जागा घेतली तेव्हा मी लय शिव्या दिल्या त्याला. मग वाटलं, मेलेल्या माणसाशी काय भांडायचं?"

जिवलीनं पाय उचलला तेव्हा रामनाथरावांना तिच्या टाचेवरचा फोड दिसला. मंडपात हजार लोकांपुढे जे त्यांना जमलं नव्हतं, ते त्या फोडापुढे त्यांच्या तोंडून निसटलंच.

"इथं कुणी मेलं नाही, शुक्री. माझा आजा विमानात बसलाच नाही कधी. गवत विकायचा तो. घरीच गेला, खाटेवर, चांगला म्हातारा होऊन. मीच उगाच सांगितलं होतं."

शुक्रीनं त्यांच्याकडे बघितलं, मग वर पापलेटाकडे बघितलं. रागावेल, असं त्यांना वाटलं. तिनं मान वळवून मोठ्यानं हाक दिली.

"ए जिवले! चपला घाल गं! कोण नाय मेला इथं! गवतवाला होता!"

बायका एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. उठून गेल्या, आपापल्या चपला शोधून पायात घातल्या आणि परत येऊन बसल्या. एकीनं विमानाच्या पोटाला पाठ टेकली. रामनाथराव तसेच विमानापुढे उभे राहिले. समोर हॉटेलाशी एक मोठी गाडी थांबली, त्यातून एक कुटुंब उतरून रस्ता ओलांडून आलं.

"अंकल, जरा साइड में," मोबाईल उंच धरून त्यातला माणूस म्हणाला, "शहीद का फोटो लेना है." मग बायकांकडे बघून, "और ये टोकरियाँ भी हटाओ."

रामनाथराव बाजूला झाले.

"टोपली नाय हटणार," शुक्री ताडगोळ्यांवरचं ओलं फडकं नीट करत म्हणाली. "फोटो काढा, पण एक डझन ताडगोळे घ्या आधी. ताजे आहेत."